मंगळवारचं कोरडं जाळं

नोकरीत कितीतरी प्रेतांचे पंचनामे केले आणि बहुतेक विसरलो. तलावाच्या पाळीवरचा, म्हणजे बांधावरचा, तो एक मात्र अजून विसरता येत नाही.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. वडशाकडच्या एका लहान ठाण्याचा मी ठाणेदार होतो. सकाळी पोलीस पाटलाचा निरोप आला की गावच्या तलावात एक मासेमार बुडून मेला. जाऊन पाहिलं. प्रेत काठाला लागलं होतं आणि डोक्यामागे जखम होती. पाळीवर त्याच्या चपला आणि घडी घातलेलं जाळं. पंच म्हणाले, जाळं टाकायच्या आधीच पाय घसरून दगडावर आपटला असेल. मी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आणि प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको लहान मुलीला घेऊन चालत ठाण्यावर आली. रडत नव्हती.

"साहेब, तो बुडला नाई. त्याले मारलं."

"कशावरून?"

"मंगळवार होता ना. मंगळवारी मातेचा वार. आमच्यात कोनी जाळं भिजवत नाई. मंग तो जाळं घेऊन काऊन जाईन?"

मी घाटावरचा माणूस, मला हे ठाऊक नव्हतं. गावाला मात्र होतं. माझ्यासमोर अंगठे उठवणाऱ्या पंचांनाही होतं, आणि सगळे गप्प बसले होते. कारण तलावाचा ठेका एका बड्या व्यापाऱ्याकडे होता. तलाव गावच्या मासेमारांना मिळावा म्हणून मेलेला माणूस तहसीलमध्ये खेटे घालत होता. ठेकेदाराच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती.

बाईनं जबाब दिला. मंगळवारी संध्याकाळी ठेकेदाराकडे राबणारा, त्यांच्याच जातीतला एक जण नवऱ्याला हाक मारायला आला. दोघं तलावाकडे गेले. थोड्या वेळानं कुंपणावर वाळत घातलेलं जाळंही नाहीसं झालं.

त्या माणसाला आणलं. चौकशीत तो दगडासारखा बसून राहिला. घरी होतो, झोपलो होतो, मले काई मालूम नाई, एवढंच. दम देऊन पाहिला, चहा पाजून पाहिला. अशा माणसाला मारून काही निघत नसतं. तो मार खायला तयार होऊनच आलेला असतो. शेवटी मी हवालदाराला मोठ्यानं म्हणालो, "लिहा. यानं मातेच्या वारी तलावात जाळं टाकलं."

तो ताडकन उठला. "खोटं हाये साहेब! मातेची आन! म्या जाळं पान्यात टाकलंच नाई, नुसतं पाळीवर ठेवलं!"

हवालदाराचं पेन थांबलं. आरोपी मटकन खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला. माणूस मारताना त्याचा हात थरथरला नव्हता, पण मातेच्या वारी जाळं भिजवायची हिंमत झाली नव्हती. मग त्यानंच बेशरमाच्या झुडपांत लपवलेला होडी ढकलायचा बांबू काढून दिला. त्यावर रक्त होतं. ठेकेदारानं सांगितल्यावरून हे केलं, असंही तो बोलला.

पण पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. शेवटचं दोघांना एकत्र पाहणारी साक्षीदार म्हणजे ती बाई. त्या माणसावर आणि ठेकेदारावर दोषारोपपत्र गेलं आणि तिचे हाल सुरू झाले. दारात मेलेली कोंबडी टांगली गेली. मुलीला शाळेच्या वाटेवर अडवून कुणी म्हणालं, "मायले सांग, बोलली तं तुले बापाजवळ झोपवू." बाकीचे साक्षीदार एकेक करून फितूर झाले. मी तिच्या दारात एक शिपाई बसवला होता, तोही बंदोबस्तासाठी वरून काढून घेतला.

हे सांगायला गेलो तेव्हा ती कडुलिंबाखालच्या मातामायपुढे, त्यांच्या गावदेवीपुढे, बसली होती. ओठ हलत होते. मुलगी तिच्या पदराला धरून होती. मी शिपायाचं सांगितलं. तिनं मान हलवली.

"भीती वाटत असेल तर तसं सांगा बाई. मी जबरदस्ती करणार नाही."

"वाटते ना साहेब. पोरीले वाटेनं एकटी धाडवत नाई. म्हनून तं इथी येऊन बसते."

आमचे खटले तेव्हा अजून चंद्रपूरलाच चालत. तिथल्या सत्र न्यायालयात ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. जामिनावर सुटलेला ठेकेदार समोरच्या बाकावर पाय पसरून बसला होता. सरकारी वकिलांनी प्रश्न विचारला. ती बोलेना. तिनं डोळे मिटले होते. मला वाटलं, गेली हीसुद्धा. मग तिनं डोळे उघडले, नवऱ्याला बोलवून नेणाऱ्या आरोपीकडे बोट केलं आणि सगळं सांगितलं. उलटतपासणीत एक शब्द बदलला नाही.

मारणाऱ्याला जन्मठेप झाली. ठेकेदार पुराव्याअभावी सुटला. निकालाच्याच आठवड्यात तिची झोपडी जळाली.

मी पोहोचलो तेव्हा मायलेकी राखेतून भांडी काढत होत्या. रागानं म्हणून गेलो, "इतकं मातेला आळवलंत, तिनं काय केलं?"

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "घर वाचव असं मी म्हटलंच नोतं साहेब. बोलाच्या वक्ताले भेवानं जीभ अडकू नोको देऊ, इतकंच मांगितलं होतं. ते तिनं देल्लं."

मुलीला घेऊन ती माहेरी निघून गेली. तिच्या घराला काडी लावणारा मला कधीच सापडला नाही आणि त्याची लाज अजून वाटते. भीती न वाटणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली, त्यातली बरीचशी माझ्याच कोठडीत होती. इतकं भिऊनही पुरतं खरं बोलणारी मात्र मी ती एकच पाहिली.