टिंबाच्या तोंडचं ‘पडले’

वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या पिंपाशेजारी एक तिरकं टेबल आहे. त्यावर अजून दौत असते. होय, दौतच! बाकीचे सगळे पडद्यांकडे टकामका बघत बसलेले असतात आणि अक्षरकाका टाक बुडवून, श्वास रोखून, चित्रातल्या पोरांच्या डोक्यावरच्या फुग्यांत अक्षरं काढत असतात. सदतीस वर्षं हेच चाललंय. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल तर असेल, कचेरीत कुणाला आठवत नाही.

ती पोरं म्हणजे ‘पायरीवरची चौघं’. रोज चार चौकटी. सगळ्यांवर हुकूम सोडणारी बाईसाहेब, सगळं माहीत असलेला मास्तर, तोंडातून अवाक्षर न काढणारा घुम्या आणि सगळ्यात धाकटं टिंब. टिंबाची टोपी नाकापर्यंत ओढलेली आणि अंगातला झगा पायापर्यंत आलेला. काढणारा चित्रकार जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मालिका बंद करायची कुणाची छाती होत नाही. एका संपादकानं तिच्या जागी शब्दकोडं टाकून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन उचलून उचलून बिचाऱ्याचा कान लाल झाला. तेव्हापासून जुनीच चित्रं पुन्हा छापतात. पान अरुंद झालंय, फुगे आक्रसलेत, म्हणून जुनं कात्रण समोर ठेवून काका अक्षरं नव्यानं लिहितात.

आता टिंबाचं गुपित सांगायला हवं. टिंब मुलगा की मुलगी, हे सदतीस वर्षांत कुणाला कळलेलं नाही. दुसऱ्या एखाद्या भाषेत हे सोपं असेल; आपली भाषा मोठी चोंबडी. ‘मी आलो’ म्हणा नाहीतर ‘मी आले’ म्हणा, तोंड उघडलं की बाप्या की बाई ते सांगून मोकळी! त्यामुळे टिंब कधी ‘येतो’ म्हणत नाही की ‘येते’ म्हणत नाही. ‘मी येणार’ म्हणतं. ‘मला हवंय’ म्हणतं. ‘मी खाल्लं’ म्हणतं, कारण खाण्याचं पाप खाल्लेल्या वस्तूवर जातं.

लोकांना वाटतं ही चित्रकाराची करामत. छे हो! करामत काकांची, आणि तीही नाइलाजानं केलेली. मालिका सुरू झाली तेव्हा काकांची मुलगी सात वर्षांची होती आणि मुलगा पाच वर्षांचा. काका कच्चं चित्र घरी घेऊन आले आणि दोघं त्यावर तुटून पडली. “टिंब मी!” “नाही, मी!” ताईनं धाकट्याचे केस धरले, धाकटा ताईच्या दंडाला चावला. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “कागद फाडून दोघांना अर्धा अर्धा द्या, म्हणजे मिटेल.” चित्रकारानं टिंबाच्या तोंडी ‘मी पडलो’ असं लिहिलेलं होतं. ते तसं छापलं असतं तर ताईनं घर डोक्यावर घेतलं असतं. काकांनी टाक उचलला आणि फुग्यात लिहिलं, ‘मला पाडलं!’

सकाळी चित्रकार रागानं तणतणत आला. “माझे शब्द बदलायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?” मग त्यानं चित्र पुन्हा पाहिलं. टिंब एकटंच उताणं पडलेलं, जवळपास चिटपाखरू नाही, आणि वर ‘मला पाडलं!’ माणूस खो खो हसत सुटला. “खरंय तुमचं. पोर कधी आपण होऊन पडतं का? कुणीतरी पाडलेलंच असतं.” तिथपासून टिंबाचे शब्द काकांकडे आले ते आलेच.

मालिकेला लोक इतके का धरून आहेत, याचा काकांनी टेबलाशी बसून पुष्कळ विचार केलाय. हसवणाऱ्या गोष्टी काय, दुसरीकडेही मिळतात. त्यांना वाटतं, ती चौघं रोज भांडतात, अगदी हाडवैऱ्यासारखी भांडतात, आणि चौथ्या चौकटीत पुन्हा त्याच पायरीवर मांडीला मांडी लावून बसलेली असतात. कुणी माफी मागत नाही की कुणी समजूत घालत नाही. वाचणाऱ्याला घरबसल्या हे रोज मिळतं आणि त्याच्या स्वतःच्या घरात मात्र चौथी चौकट लवकर येत नाही.

काकांच्या घरात ती सहा वर्षं आलेली नव्हती. काकू शेवटच्या आजारात होत्या तेव्हा मुलगा नोकरीपायी लांब होता. आज निघतो, उद्या निघतो करता करता पोचला तो एक दिवस उशिरा. ताई दारातच उभी होती. महिनाभराच्या जागरणानं तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, “आता कशाला आलास?” बस्स, तेवढंच. तो चपला न काढता बाहेरच्या बाकावर दोन तास बसला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. त्यानंतर बहीणभावांचं बोलणं नाही. बापाला दोघांचे फोन यायचे, आणि दोघंही एकमेकांचं नाव न घेता बोलायची. मी गेल्यावर ही दोघं एकमेकांना अनोळखी होणार, ही एकच काळजी काकांच्या पोटात बसली होती. देवानं आपल्याला आणखी काही देऊ नये, पण हे एवढं मिटवावं, असं ते उघड बोलायचे.

मागल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी टेबलावरचा फोन वाजला. “बाबा,” ताई म्हणाली, “मी पडले.” ती शाळेत शिकवते. वर्गात नकाशा टांगताना स्टूल घसरलं होतं आणि ती फरशीवरूनच बोलत होती. मांडीचं हाड मोडलं होतं. दुपारी दवाखान्यात तिचा पाय वजन लावून टांगलेला काकांनी पाहिला. “धाकट्याला कळवतो,” ते म्हणाले. ताईनं त्यांचं मनगट धरलं. “पडल्याचं त्याला सांगायचं नाही. माझी शपथ आहे. सांगितल्यावर आला तर ते काय येणं झालं?” काकांनी शब्द दिला आणि दिल्या क्षणी त्यांना पस्तावा झाला.

तिथून ते तसेच कचेरीत आले, कारण उद्याच्या चार चौकटी व्हायच्या होत्या. नशीब बघा, कात्रण नेमकं तेच पहिलं निघालं, टिंब उताणं पडलेलं. काकांनी दौतीचं झाकण काढलं, टाक बुडवला, श्वास रोखला आणि सुरेख वळणदार अक्षरांत फुगा भरला. चित्र पुढे गेलं, छापलं, घरोघरी पोचलं. टिंबाच्या तोंडी होतं, ‘मी पडले!’

बुधवारी सकाळी पुरवणीच्या संपादकीणबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. “काका, तुम्ही? अहो, तुम्ही?” फोन तर खणखणत सुटले होते. एक ड्रायव्हर ओरडत होता, “अहो, लहानपणापासून टिंब मी आहे, आता मला बाई करता का?” एक नर्स म्हणाली, मला तर पहिल्यापासून ठाऊक होतं. एका आजीबाईंनी काका बरे आहेत ना, एवढंच विचारून फोन ठेवला. काकांनी दुरुस्ती लिहून दिली, ‘चूक टिंबाची नाही, अक्षरं काढणाऱ्याची आहे.’

अकराच्या सुमाराला टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे मुलगा होता. एरवी तो रविवारशिवाय फोन करत नसे.

“बाबा, हे काय छापलंय? शेवटी तिचंच खरं केलंत ना?”

बेचाळीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप! काकांना हसावं की रडावं कळेना. “अरे, चूक झाली,” ते म्हणाले.

“तुमच्या हातून चूक होत नाही. आई आजारी होती तेव्हाही झाली नाही. मी रोज बघत होतो ना. अक्षर हललं की समजायचं आईचं काही खरं नाही, असं ठरवलं होतं मी. ते कधी हललंच नाही. म्हणून तर मी...” सहा वर्षं काका या पोराला मनातून निष्काळजी म्हणत आले होते, त्याची त्यांना लाज वाटली.

“बाबा.”

“हं.”

“कोण पडलं?”

काकांनी ओठ घट्ट मिटले. शब्द दिलेला होता.

“ताई पडली?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“कुठं आहे ती?”

आता पडल्याचं सांगायचं नाही, एवढंच कबूल केलेलं होतं. पत्त्याचं काही बोलणं झालं नव्हतं! काकांनी दवाखाना सांगितला. “तिसरा मजला, खिडकीकडची खाट. भेटायची वेळ चार ते सहा.”

“निघतो. आत्ताच निघतो.” तो थांबला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, “बाबा, पुन्हा ‘कशाला आलास’ म्हणाली तर?”

“तर खाटेशी बसून राहायचं,” काका म्हणाले. “सहा आठवडे तिला उठून जाता येणार नाही.”