दस्त्यातली अक्षता

दसऱ्याला कुंकू कालवताना माझ्या हातून पाणी जरा जास्त पडलं. बायको म्हणाली, "अहो, आमटी करताय का?" मी म्हणालो, चालतं. देवाला सगळं चालतं.

तेव्हा आम्ही सिंगापुरात, टॅम्पिनीसला राहत होतो. जहाजावर इंजिनियर म्हणून बरीच वर्षं काढून मी नुकताच किनाऱ्यावर उतरलो होतो आणि एका चिनी सुताराच्या भागीत गाळा घेतला होता. तो वयाने मोठा, सगळे त्याला अंकल म्हणत, म्हणून मीही. धंदा काय, तर रायफलचे लाकडी दस्ते बनवायचे. गावाकडच्या नातेवाइकांना फोनवर हे सांगितलं की ते आवाज खाली आणत. मग मी 'फर्निचर' म्हणू लागलो.

खरं तर प्रकार साधा होता. नेमबाजीच्या एका क्लबातल्या रायफलींचे दस्ते तडकले होते. त्यातला एकच धड होता, तो त्यांनी नमुना म्हणून दिला. आमचं मशीन डुप्लिकेट किल्लीच्या मशीनसारखं. एका बाजूला नमुना, शेजारी अक्रोडाचा ठोकळा. नमुन्यावरून मशीनचं बोथट बोट फिरवायचं, की शेजारचं पातं ठोकळ्यात तेच कोरत जातं. बाहेरचा आकारही आणि नळी बसते ती आतली खाचही. बाहेरून अंकल घासून पॉलिश करायचा. आतल्या खाचेला हात लावायचा नाही, ती मशीनवर सोडायची. रायफलीचं लोखंड मात्र क्लबाच्या कुलपात, ते बाहेर येत नसे. आमच्याकडे फक्त लाकूड.

ही पहिलीच ऑर्डर. नीट गेली तर क्लब पुढचेही दस्ते आम्हालाच देणार होता. नाही गेली तर मी पुन्हा जहाजावर. कंपनीने महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवली होती. यावर बायको एवढंच बोलली होती, "मुलीला फोटोतले बाबा दाखवायचा मला कंटाळा आलाय."

तर दसऱ्याला मी गाळ्यात मशीनची पूजा मांडली. मशीनवर नमुना चढवलेलाच होता, त्यालाही हार, हळद, ते पातळ कुंकू आणि सढळ हाताने अक्षता. अंकलने लांबून विचारलं, "मशीनचा बर्थडे?" समजावण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं. त्यानेही एक संत्रं आणून शेजारी ठेवलं.

पुढच्या आठवड्यात दस्ते घेऊन आम्ही दोघं क्लबात गेलो. नमुनाही परत द्यायला नेला होता. तिथली शस्त्रं सांभाळणारे एक निवृत्त तमिळ गृहस्थ होते. त्यांनी पहिल्या दस्त्यात नळी बसवली, तर ती एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी डुलायला लागली. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही, अगदी त्याच जागी.

"या रायफलीने माणूस समोरची भिंतसुद्धा चुकवेल," ते शांतपणे म्हणाले. मला जहाजाचा भोंगा ऐकू यायला लागला.

अंकलने नमुना उचलून खाचेत बोट फिरवलं आणि तो माझ्यापुढे धरला. खाचेच्या तळाशी, कुंकवात वाळून दगडासारखा चिकटलेला एक तांदळाचा दाणा. लाकडाच्याच रंगाचा झाला होता. मशीनने भक्तिभावाने प्रत्येक दस्त्यात एकेक अक्षता कोरली होती.

ते गृहस्थ चष्मा वर करून बघत राहिले. "पूजा केलीत?"

"हो."

"आम्हीही करतो. पण नंतर पुसतो."

अंकल म्हणाला, "लाकूड जास्त आहे, कमी नाही. कॅन, कॅन, होईल." त्याने खिशातून पटाशी काढून प्रत्येक दस्त्यातला तो उंचवटा उडवला. नळ्या बसल्या. पण गोळी झाडून बघितल्याशिवाय काही सांगणार नाही, असं त्या गृहस्थांनी बजावलं आणि आम्हाला घरी पाठवलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. दस्ते ठीक होते, पुढची खेप आमची. मी फोन ठेवला आणि बायकोला दाण्यासकट सगळं सांगितलं. ती हसली नाही. आत जाऊन निळ्या कापडाच्या घड्या घेऊन आली. कापड ओळखीचं वाटलं.

"तुमच्या जहाजावरच्या बॉयलर सूटची मी सकाळीच फडकी केली," ती म्हणाली. "दोन गाळ्यावर घेऊन जा. पुढच्या दसऱ्याला नमस्कार करून झाला की आधी ते लाकूड पुसा."