शालनची सही

शिव्यांचं एक बरं असतं, त्या ठेवायला कपाट लागत नाही. गेल्या सहा महिन्यांत माझ्या मोबाईलमध्ये एवढ्या साठल्यात की फोन हाताला गरम लागतो. पोरगा म्हणतो, बॅटरी गेली. मला माहीत आहे काय ते!

मी सातवी पास आणि आठवीत दोनदा पाहुणा. जन्म गेला वराळ्याला कारखान्याच्या गेटवर, लोकांची नावं वहीत लिहिण्यात. रिटायर झालो तरी हाताची खाज जाईना, म्हणून मोबाईलवर मावळातल्या लोकांचा जो गोष्टींचा ग्रुप आहे, त्यात दर गुरुवारी एक भाग टाकायला लागलो.

गोष्ट साधी. शालन नावाची बाई. भाऊ तिला विचारतो, "शालन, जमिनीतला हक्क सोडशील का? करशील का सही?" शालन म्हणते, "विचार करून सांगते." झालं! वीस भाग झाले, बाई विचारच करतेय.

आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जमिनीला भाव आला की बहिणीच्या दारात गाडी जाते. तिला साडी घेतात, जेवू घालतात आणि नोंदणीच्या ऑफिसात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. आमच्या घरीही तेच चाललं होतं. बिल्डर तयार, वकिलाचे कागद तयार. बाकी फक्त माझी धाकटी बहीण हौसा, इंदुरीला दिलेली, तिची सही.

आणि हौसा माझा एकूण एक भाग वाचायची! लाईक नाही, कमेंट नाही. नुसतं 'वाचलं' एवढं दिसायचं.

*

चौथा भाग टाकला आणि सोमाटण्याहून एका माणसाचा फोन आला. आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"आबा, आमच्या घरातलं तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणाच्या घरातलं?"

"तो शालनचा भाऊ म्हंजे मीच ना?"

"असंल. तुमी कोण?"

"ते मी न्हाई सांगनार!" आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात असे सहा फोन आले. सहाही जण तेच म्हणत होते, सहाही जणांनी नाव लपवलं. मी काय करतो? पुढच्या भागात शालनच्या भावाला मिशी दिली. दोन जणांचे फोन बंद झाले. चौघांचा आवाज आणखी चढला!

*

तळेगावचे सलीमभाई बायकांची ब्लाऊज शिवतात. त्यांच्या दुकानात शिलाई कमी आणि शालन जास्त चालायची. सातव्या भागात मी लिहिलं, की शालनने सातबाराचा उतारा ब्लाऊजच्या आतल्या खिशात लपवला. भावाला सापडूच नये म्हणून.

सलीमभाई स्कूटरवरून थेट माझ्या दारात.

"आबा, खिसा कशाला लिव्हला? आता जी येती ती म्हन्ती, आतून खिसा पायजे! शालनसारखा! सगळं माप बिघडलं माझं!"

"बरं, चुकलं. दुरुस्त करतो," मी म्हणालो.

गुरुवारी दुरुस्त केलं. शालनने खिशाला चेन लावून घेतली.

त्या दिवसापासून सलीमभाईंनी मला ब्लॉक केलंय.

*

लोणावळ्याला मंगलमावशी आहेत, चिक्कीच्या दुकानात पॅकिंग करतात. त्यांचा राग सगळ्यात वेगळा. भाऊ घरी आल्यावर शालनने त्याला मटण रांधून वाढलं, असं मी लिहिलं. पाहुणा म्हटल्यावर वाढायला नको का?

मावशींचा आवाजी मेसेज आला, पाच मिनिटांचा.

"जो भाऊ सही मागाया आलाय त्याला मटान? तुमाला लिव्हताना लाज वाटली न्हाई? चिक्कीचे तुकडे केले मी रागानं!"

मी माघार घेतली. लिहिलं, की मटणात शालन मीठ घालायला विसरली.

मावशींचा उलटा मेसेज, चार शब्दांचा. "तरी रस्सा दिलाच ना?"

*

मग आली भावांची बैठक. शेजारचे किसनभाऊ प्लॉटिंगचं बघतात. ते पाच-सहा जण घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसले. सगळ्यांची तोंडं अशी, जणू घरात कुणी गेलंय.

"आबा, गंमत बास," किसनभाऊ म्हणाले. "आमच्या बहिणी आता 'विचार करून सांगते' म्हनाया लागल्यात. आदी गपगुमान गाडीत बसायच्या. ह्या आयतवारी शालनची सही होऊ द्या."

"भाग गुरुवारी असतो."

"मग गुरुवारी!"

"चहा घेणार का?"

"च्या नको, सही पायजे!"

मी म्हणालो, शालनला विचारून सांगतो. किसनभाऊ उठले ते माझी चप्पल लाथेने ओट्याखाली उडवूनच गेले.

*

पण सगळ्यात जास्त तापला तो माझा पोरगा प्रकाश.

"आबा, आत्या वाचतीय हे! सोमवारी तिची सही हाय. तुमी सोताच्या पायावर धोंडा पाडताय. मी धोंडा न्हाई म्हनत, डोंगर पाडताय!"

फोन काढून घेतला माझा. तीन दिवस दिला नाही. शेवटी समोर बसून म्हणाला, "आत्ताच्या आत्ता लिव्हा, शालननं सही केली."

लिहिलं. एकच ओळ लिहिली. शालनने सही केली. गोष्ट संपली.

मग ज्या शिव्या आल्या, त्या इथं लिहिल्या तर हा कागद पेटेल! बायका ग्रुप सोडून गेल्या, जाताना एकेक वाक्य टाकून गेल्या. मंगलमावशींनी तर नुसता पेटलेल्या चुलीचा फोटो पाठवला.

हौसाच्या नावापुढे तेवढंच. वाचलं.

*

सोमवारी आम्ही नोंदणीच्या ऑफिसात गेलो. प्रकाश गाडी घेऊन इंदुरीला गेला आणि हौसाला घेऊन आला. बाकावर बसली तशी ती माझ्याकडे वळली. असे डोळे मी तिचे लहानपणीसुद्धा पाहिले नव्हते.

"दादा, शालननं सही का केली?"

"अगं, गोष्ट आहे ती."

"वीस गुरुवार बाई इचार करती, आन् एका ओळीत सही? मी माजी सही देते तुला. मी कुटं न्हाई म्हन्ते? पर आदी शालनची मागं घे."

"इथं?"

"हितंच."

प्रकाश म्हणाला, "लिव्हा आबा, काय जातंय? आत्या सही करती म्हन्तीय ना!"

आता मला टाईप जमत नाही. मी फोनमध्ये बोलतो, फोन लिहितो. आणि ऑफिसात ही गर्दी, म्हणून मोठ्याने बोलावं लागलं.

"शालननं कागद वाचला. पूर्णविराम. पेन टेबलावर ठेवला. पूर्णविराम. म्हणाली, न्हाई करत. पूर्णविराम."

समोरच्या रांगेत बहिणींना घेऊन आलेले भाऊ मान वळवून माझ्याकडे बघायला लागले. बहिणी त्यांच्या आधीच बघत होत्या.

हौसाने चष्मा लावला, फोन हातात घेतला, दोनदा वाचलं. "आता बरोबर हाय," म्हणाली.

तेवढ्यात आतून पुकारा झाला. हौसा उठली, पदर खोचला, टेबलापाशी गेली. साहेबांनी कागद सरकवला, पेन दिला. तिने कागद वाचला. शेवटच्या पानापर्यंत वाचला. आणि पेन टेबलावर ठेवला.

"न्हाई करत."

प्रकाश असा ओरडला की बाहेरचा शिपाई आत आला. "आत्या! ती गोष्टीतली बाई हाय! तू आनि ती एक हाय का?"

"न्हाई रं बाबा, एक कशी असंल?" हौसा म्हणाली. बोलत त्याच्याशी होती, बघत माझ्याकडे. "तिला तिच्या भावानं इचारलं तरी हुतं."