सीटवर बसलं की येणारा कोड

पंचवीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी एक भांडण ऐकलं. चोरून नाही ऐकलं, दोघं भाऊ खिडकीखालीच उभे राहून भांडत होते. कान काय झाकून ठेवायचे?

"तीन वेळा सेन्सर बदललास," आमचे हे म्हणाले. "आता मशीनच बदलून टाक."

"दादा, कोड प्रेशरच्या सेन्सरचा येतोय. मी काय मनाने सांगतोय?" हे माझे दीर.

"कालही एक कोड आला होता. चावी चालू ठेवून तूच प्लग ओढलास. मशीनने तक्रार लिहून ठेवली, आणि तू दिवसभर स्वतःच्याच तक्रारीमागे पळालास."

ते खरं होतं. भावजी म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत सापडलं नाही, तर हे काम सोडतो. सासऱ्यांच्या साबणाच्या दुकानात बसतो."

"बस. साबण तरी कोड देत नाही."

मी गॅस बारीक केला. भावजी हट्टी माणूस. बोलले म्हणजे बसणार. आणि साबण विकणारे भावजी माझ्या डोळ्यांपुढे काही केल्या येईनात.

दोघा भावांची शेड होती. लोक जुनं पोकलेन घ्यायला निघाले, म्हणजे ते लांब हाताचं खोदाईचं मशीन, की आधी ह्या दोघांना दाखवायचे. हे मशीनला कान लावून दुखणं सांगायचे. भावजी आधी रेडिओ दुरुस्त करायचे, त्यामुळे त्यांचा जीव वायरींत. मशीनमध्ये जागोजागी सेन्सर असतात. कुठे काही बिनसलं की पडद्यावर लाल अक्षरांत एक नंबर येतो, तो कोड. सगळे लोक कोड आला की सेन्सर बदलून मोकळे होत. भावजी मात्र सारखे दोन सेन्सर असले तर त्यांची अदलाबदल करून बघायचे. कोड सेन्सरबरोबर गेला तर सेन्सर चोर, जागीच राहिला तर वायर चोर. मला चौथी पास बाईला हे समजलं, ह्यांना शेवटपर्यंत नाही.

पण ह्या मशीनचं भलतंच होतं. एका ठेकेदाराने ते घेतलं होतं. त्याचा ड्रायव्हर चालवायला बसला की कोड यायचा आणि मशीन मान टाकायचं, माती उचलेना. हे दोघे भाऊ बसले की मशीन गुणी बाळ. सेन्सर बदलून झाले, दुसऱ्या जागी लावून झाले, काही उपयोग नाही. ठेकेदार म्हणत होता ड्रायव्हरला चालवता येत नाही, त्याला काढूनच टाकतो. ड्रायव्हर दाराशी उभा राहून घाम पुसत होता. अंगाने तो एवढा की सगळे त्याला डोंगर म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी दुपार जवळ आली तशी मी डबा घेऊन शेडवर गेले. धाकटी जाऊ सकाळपासून तोंड पाडून बसली होती. माहेरचं दुकान असलं म्हणून काय झालं, साबणाच्या वासाने तिला शिंका येतात.

शेडमध्ये खाली सगळं तेलच तेल. बसायला एक स्टूल होतं, त्यावर ह्यांनी गिअर सोडवून ठेवलेला. हे आणि भावजी मशीनच्या मागे, एकमेकांना टाकून बोलत. माझे गुडघे दुखायला लागले. मी म्हटलं, एवढी मोठी गादीची सीट रिकामी आहे, तर जरा टेकू. पायऱ्या चढून केबिनमध्ये गेले आणि बसले. सीट खाली गेली, फुस्स करून. माझ्या अंगाला सगळं लागतं. घरातलं दोघा भावांच्या वाटचंही माझ्याच अंगाला लागलं होतं, ते दोघे काड्या.

चावी चालूच होती. समोर पडद्यावर लाल नंबर उमटला.

"भावजी, इथे काहीतरी लाल लागलंय."

दोघे धावत आले. हे म्हणाले, "काय दाबलंस?"

"काही नाही. बसले."

"नुसती?"

"मग काय नाचत बसले?"

"उठ बघू."

मी उठले. लाल गेलं. बसले, लाल आलं. भावजींचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांना आता भोवळ येते.

"वहिनी, परत."

उठले. गेलं. बसले. आलं. मग तर आम्हाला थांबवेना. हे मोजायला लागले, भावजी पडद्याला नाक लावून, आणि मी उठबशा काढतेय, शाळेत काढल्या नसतील तेवढ्या. डोंगर दारातून म्हणाला, "आता बाईंना पण चालवता येत नाही म्हणा." त्यावर ठेकेदारसुद्धा हसला.

सीट सोडवली. खाली वायरींचा जुडगा होता, सीट पूर्ण खाली गेली की तिच्या पत्र्याखाली चेंगरायचा. प्रेशरची वायर सोलून तांबं उघडं पडलेलं. भारी माणूस बसला की ते पत्र्याला टेकायचं. काड्या बसल्या की सीट खाली जायचीच नाही.

भावजींनी वायर जोडली, जुडगा कडेने नेऊन पट्टीने बांधला. मी बसले. काही नाही. डोंगर बसला, सीट जमिनीत जाते की काय असं वाटलं. काही नाही. घड्याळात बाराला दहा कमी होते. ह्यांनी भावजींना डबा उघडून दिला, म्हणाले, "खा. अंगाला लाव जरा. वहिनीला किती कामाला लावशील?"

पण लावलंच. त्या दिवसापासून जुनं मशीन तपासायचं तर भावजी मला घेऊन जायचे. विकणारे लोक कोड पुसून ठेवतात, मशीन गरम झालं आणि हिसके बसले की ते परत उगवतात. म्हणून मी सीटवर बसून मटार सोलायचे. एक पिशवी मटार संपले की मशीन पुरेसं गरम. भावजींच्या वहीत ऑइल, पंप, बकेट असे रकाने होते, त्यांत शेवटचा रकाना त्यांनी घातला, "वहिनी". तपासलं की लिहायचे, वहिनी: हो. हे चिडवायचे, "लोक कोड वाचायचा स्कॅनर घेऊन फिरतात, हा माझी बायको घेऊन फिरतो." पुढे वयाने मी वाळले, तर भावजींनी माझ्या मांडीवर जुनी बॅटरी ठेवायला सुरुवात केली. म्हणाले, "वहिनी, तुमच्या भरवशावर माझा धंदा आहे, आणि तुम्ही खुशाल बारीक होताय."

भावजींना जाऊन दोन वर्षं झाली. जायच्या आठ दिवस आधीची खेप ती शेवटची. फाटकाशी हॉर्न दोनदा वाजला, मी मटार घेऊन निघाले. भावजींच्या चष्म्याची दोरी गळ्यात, वही खिशात. तिथे पोचलो तर विकणारा म्हणाला, "मशीन अगदी नवरीसारखं आहे."

"मग घाम आल्यावर बघू," भावजी म्हणाले.

मी चढले, बॅटरी मांडीवर घेतली, सीट फुस्स झाली. भावजींनी केबिनच्या दारात उभं राहून दांडे ओढले. मशीन डावीकडे फिरलं, उजवीकडे फिरलं, हात वर गेला, खाली आला.

"उठा. बसा. जरा कडेला कला."

"भावजी, मटार संपले."

"मग झालं तपासून."

त्यांनी आधी माझ्या मांडीवरची बॅटरी उचलली, मग हात धरून मला खाली उतरवलं. वहीत लिहिलं, वहिनी: हो. कोड: नाही. टरफलांची पिशवी माझ्या हातून घेऊन विकणाऱ्याच्या फाटकाशी बांधलेल्या शेळीपुढे ओतली, आणि मला घरी आणून सोडलं.