कमी खावे

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते तालुक्याच्या शाळेत मला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचे. दहावीनंतर वडील मला गॅरेजवर लावणार होते. बाई घरी आल्या आणि वडील हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. कॉलेजचा फॉर्मही त्यांनीच भरला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज मी मुंबईत आहारतज्ज्ञ आहे, आणि गेल्या वर्षी माझ्या हातून जे घडलं ते आधी बाईंनाच सांगावंसं वाटलं.

मी लोअर परळच्या एका दवाखान्यात बसतो. गिरण्यांच्या जागेवर झालेल्या टॉवरमधली माणसं तिथे मुलांना घेऊन येतात. मुलं चौदा-पंधरा वर्षांची, वजन वाढलेली. एकेकाला मी तासभर देतो. सकाळी काय खातो, झोपतो किती वाजता, पनीर किती ग्रॅम, सगळं विचारतो. गुरुवारी मात्र एका संस्थेच्या वतीने लालबागच्या एका शाळेत तपासणीला जातो. तिथे रांग लागलेली असते. एका मुलाला तीन मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

त्या रांगेत आठवीतली एक मुलगी होती. ती काट्यावर चढताच मागून कुणीतरी ओरडलं, "सर, काटा सांभाळा!"

"तू चढ ना आधी," ती वळून म्हणाली, "तुझ्याने तर तो हलणारपण नाही."

सगळे हसले, मीही हसलो. वजन बरंच जास्त होतं, गाल भरलेले. खात्यापित्या घरची पोर, असं मनाशी म्हणालो, कार्डावर लिहिलं 'कमी खावे' आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

तीन महिन्यांनी पाहिलं तर वजन आणखी वाढलेलं. जिना चढताना तिला दोनदा चक्कर आली होती, केस मुठीने गळत होते. वर्गशिक्षिका म्हणाल्या, कबड्डीतूनही तिला काढावं लागलं. मी जरा चिडूनच विचारलं, "कार्डावर लिहिलं होतं ते पाळलंस का?"

"पाळलं सर. आईला विचारा."

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेलो. मागच्याच चाळीत एक खोली. आई टॉवरमध्ये दोन घरचा स्वयंपाक करते, ती नुकतीच कामावरून आली होती. तिने देवाच्या फोटोमागून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही लिहिलंत त्या दिवसापासून अंडी बंद केली, सर. बुधवारचं सुकट बंद. डाळपण पातळ करते, अर्धी वाटीच देते."

"आणि पाव?"

"तो खाते. सकाळी चहा-खारी, शाळेत जाताना वडापाव. पण ते काय जेवण थोडंच? नुसता पोटाला आधार."

"मला सारखी भूक लागते," मुलगी म्हणाली. "मग बिस्किटं खाते. बिस्किटांचं काय लिहिलं नव्हतं ना."

"गप गं," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मी जिथे जाते तिथला मुलगा हिच्याच वयाचा. त्यालापण कमी खायला सांगितलंय. त्याचं चिकन मी काट्यावर तोलून शिजवते. म्हटलं, हिचंपण कमी करू. आमच्यात कमी करण्यासारखं तेवढंच होतं."

त्या मुलाच्या घरी 'कमी' म्हटल्यावर आइस्क्रीम गेलं असेल आणि चिकन राहिलं असेल. इथे जे महाग तेच आधी गेलं. मला हे कळायला हवं होतं. आमच्याही घरी पैशांची ओढाताण झाली की पहिलं दूध बंद होई, कोरा चहा मात्र दिवसातून चारदा. हे सगळं पाहून वाढलेला मी, काट्यावरचा आकडा पाहून मोकळा झालो होतो.

मी ती ओळ खोडली. पाव, खारी, बिस्किटं कमी. रोज एक अंडं, डाळ घट्ट, सुकट पुन्हा सुरू, असं लिहून दिलं. आईने ते दोनदा वाचलं.

"रोजचं अंडं हिलाच, की धाकट्यालापण?"

संस्था शाळेत अंडी देते, पण ती फक्त कमी वजनाच्या मुलांना. यादी मीच करून पाठवतो, मंजूर संस्था करते.

चार दिवसांनी मी बाईंना पत्र टाकलं.

"ती. बाईंस साष्टांग नमस्कार.

तुम्ही गावात माझं कौतुक सांगता, म्हणून हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं. एका मुलीला मी नुसतं पाहून भरल्या घरची समजलो. तिच्या ताटात काय असतं ते विचारलं नाही. माझा कागद तिच्या आईने देवाजवळ ठेवला आणि लेकीच्या ताटातलं होतं नव्हतं ते सकस अन्न बंद केलं. शिकलेल्या माणसाने लिहिलं होतं, तिने तरी काय करावं?

संस्थेला मी माझी चूक कळवली आहे आणि अंड्यांच्या यादीत तिचं नाव घाला म्हणून अर्ज केला आहे. 'इतकं वजन असताना अंडी कशी द्यायची?' असं ते विचारतात. वजन आणि पोषण वेगळं, हे पुन्हा जाऊन समजावणार आहे. मानतील की नाही, सांगता येत नाही.

काल माझ्याकडच्या तपासणीच्या जुन्या नोंदीही काढून पाहिल्या. तीच ओळ मी आणखी अकरा मुलांना लिहून दिली आहे. या गुरुवारपासून एकेकाच्या घरी जाणार आहे. बाई, त्यांनी माझं ऐकलं नसलं तर बरं, एवढीच आशा धरून जाणार आहे.

आपला विद्यार्थी"