काळ्या तळ्याची सफाई

कारखान्याच्या डिस्टिलरीमागं एक तळं होतं. मळीचं काळं पाणी वर्षानुवर्षं त्यातच सोडलं जायचं. कारखाना सहकारी, म्हणजे आमचाच. वडील सभासद आणि माझे सख्खे मामा संचालक. त्यामुळे वास आला तरी नाक मुरडायची सोय नव्हती. घरच्याच वासाला नावं कोण ठेवणार?

दुष्काळात ऊस संपला, कारखाना बंद पडला, तळंही आटलं. मग वरून हुकूम आला, ते साफ करा. बीडहून एक साहेब आले. पारावर बसून त्यांनी आसपासच्या वस्त्यांना काय काय सोसावं लागेल ते नीट समजावलं. वास वाढेल, धूळ उडेल, डोळे चुरचुरतील, धुणं बाहेर वाळत घालू नका. गाळ मात्र झाकलेल्या गाड्यांतून लांब नेऊन पक्क्या खड्ड्यात पुरला जाईल. माणूस भला वाटला. त्यानं सांगितलेलं सगळं झालंही, तेवढी शेवटची गोष्ट सोडून.

कारण साहेबांची जीप गेली आणि मामा उठले. त्या उन्हाळ्यात सगळा गाव आटलेल्या पाझर तलावातला गाळ उपसून रानात टाकत होता. आमच्याकडे दुष्काळ देतो ते एवढंच: तलाव कोरडा पडला की ज्याला हवा त्यानं गाळ न्यावा आणि आपलं रान पोसावं. मामांनी तोच धागा धरला. म्हणाले, हाही गाळच आहे, तोही उसाच्या पोटातला. आपलं खत लांबच्या खड्ड्यात कशाला घालायचं?

लोक तुटून पडले. आमचे वडील सगळ्यांत पुढं, मेव्हण्याचा शब्द ना! पहिल्या ट्रॉलीपुढं त्यांनी नारळ फोडला आणि आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाच्या तुकड्यात तो गाळ पसरला. ती विहीर म्हणजे वस्तीचा जीव होता. गाव टँकरची वाट बघत असताना तिच्या तळाशी थोडं का होईना गोड पाणी होतं. आईनं गाळ मुठीत घेऊन हुंगला आणि म्हणाली, तलावाच्या गाळाला असा वास नसतो. तुझ्याच भावानं सांगितलंय, म्हणून वडिलांनी तिला गप्प केलं.

पाऊस बरा झाला. विहिरीला पाणी चढलं ते कोऱ्या चहासारखं. बैलं तोंड लावून मागं सरली. गाळ पडलेल्या रानांतल्या सगळ्याच विहिरींची ही गत, म्हणून टँकर पुन्हा सुरू झाला. दुष्काळात कधी टँकरपुढं उभे न राहिलेले आम्ही, भरल्या विहिरीच्या मालकांनी, घागरी घेऊन रांग धरली. वडील रोज सकाळी काठावर जाऊन वाकून बघायचे आणि परत यायचे. मला त्यांची कीव यायची, आणि मामांचा असा संताप यायचा की जेवण जात नसे.

कारखान्याची निवडणूक लागली तसे मामा घरी आले. आईनं रीतीप्रमाणं पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला. मामांनी आत डोकावून पाहिलं आणि आत्ताच पिऊन आलो म्हणत तो बाजूला सारला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग वडिलांनी विचारलं,

"पाव्हणं, तुमच्या रानात एक बी ट्रॉली कावून न्हाई टाकली?"

"माज्या रानात विहीर हाय की, दाजी."

इतकं सहज बोलून गेले. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते खाली बघायला लागले. आई दारात उभी होती.

"आन आमच्या रानात काय हाय, दादा?"

मामा उठले, चपला घातल्या आणि मत न मागताच गेले. तांब्यातलं पाणी टँकरचं होतं, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.