बाहीवरची वाइन

चौदा ऑक्टोबरला, शुक्रवारी, वाइन कंपनीच्या मालकीणबाईंनी एका बाटलीची किंमत ठरवली: चार हजार आठशे साठ. बाटली अजून भरलेलीसुद्धा नव्हती. तिच्यात जायची ती लाल वाइन तळघरात ओकच्या बारा पिंपांत दीड वर्षापासून मुरत पडली होती. बाराही पिंपं एकत्र करायची आणि फ्रान्समधल्या बोर्दोच्या धाटणीची एकच वाइन करायची, कॅबर्ने जातीची द्राक्षं जास्त, मर्लो कमी, असा बेत होता. मिसळण सोमवारी सकाळी दहाला. त्याआधी एकच काम राहिलं होतं. काकांनी बाराही पिंपांतली वाइन चाखून कागदावर सही करायची.

काका कंपनीचे चाखणारे. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं आणि निवृत्तीला पाच महिने होते. कंपनीत त्यांना नाकसाहेब म्हणत. घरी 'अहो' एवढ्यावर भागत होतं.

काकू पुढच्या खोलीत मशीन टाकून लोकांचे कपडे दुरुस्त करत. लांब पँट आखूड करणं, तंग कोट सैल करणं, चेन बसवणं. साऱ्या इमारतीची पोटं कुठल्या महिन्यात किती इंच वाढली हे काकूंना ठाऊक होतं, आणि त्या ते कुणाला सांगत नसत. वाइनचा थेंब त्यांनी कधी तोंडात घातला नव्हता. पण एकतीस वर्षं काकांचे शर्ट त्याच धूत होत्या. चाखणाऱ्याच्या उजव्या बाहीवर रोज दोन-चार थेंब उडतातच. काकू आधी बाही नाकाशी नेत आणि मग साबण लावत.

"आज जिन्याखालच्या पिंपापाशी होतात वाटतं," त्या म्हणत.

"तुला काय माहीत?"

"बाही सांगते की."

काका हसण्यावारी नेत.

त्या शुक्रवारी संध्याकाळी दूध उतू गेलं, जळलं, पातेलं काळं झालं, आणि काका गॅसपासून चार हातांवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. काकू ग्राहकाची पँट हातात घेऊन धावत आल्या. गॅस बंद करून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"अहो, वास नाही आला?"

काकांनी वर्तमानपत्र घडी घालून खाली ठेवलं. "तीन आठवडे झाले. सर्दी गेली ती वास घेऊन गेली. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिन्यांत येईल परत."

"आणि तोवर कंपनीत काय करताय?"

"आठवणीवर रेटतोय. पण सोमवारची बारा पिंपं आठवणीवर नाही चाखता येत. त्यात एखादं नासकं निघालं आणि मी हो म्हटलं, तर बाराच्या बारा गेली."

"मग बाईंना सरळ सांगा."

"काय सांगू? नाकसाहेबांचं नाक रजेवर गेलंय? उद्यापासून पॅकिंगला बसवतील. एकतीस वर्षांचा शेवट खोक्यांना चिकटपट्टी लावत."

काकूंनी पातेलं घासायला घेतलं. अर्धं घासून झाल्यावर म्हणाल्या, "मी घेते वास. तुम्ही लिहा."

"तुला वाइनमधलं काय कळतं?"

"तुमच्या बाह्यांमधलं कळतं."

शनिवारी काकांनी बारा लहान बाटल्यांत नमुने घरी आणले. नमुने बाहेर न्यायचे नाहीत असा कंपनीत लेखी नियम होता. तो काकांनीच लिहिला होता.

रविवारी सकाळी अकराला मशीन, तेलाची कुपी आणि वासाचा साबण बाल्कनीत गेले. टेबलावर पांढरी चादर, तीवर बारा बाटल्या, प्रत्येकीवर आकडा. काकांनी छापील तक्ते दोन घेतले: एक कच्चा, बायको बोलेल ते उतरवायला, आणि एक पक्का, कंपनीच्या भाषेत लिहून द्यायला. मध्ये त्यांनी एक डबा ठेवला.

"हा कशाला?"

"घोट तोंडात घोळवायचा, वास नाकात चढू द्यायचा आणि ह्यात थुंकायचं."

"थुंकायचं?"

"सगळे थुंकतात. नाहीतर चढते."

"चार हजार आठशे साठची वस्तू थुंकू? माझ्या माहेरी पाणीसुद्धा कुणी असं वाया घालवलं नाही." आणि काकूंनी पहिला घोट गिळला.

त्यांनी डोळे मिटले. "पेन्सिल. नवीन पेन्सिल तासली की येतो ना, तो वास. मागून काळ्या मनुका. आणि सगळ्यात शेवटी तुमचं जुनं चामड्याचं पाकीट."

काकांचं पेन थांबलं. ह्या जातीच्या वाइनमध्ये जाणकार जे हुडकत बसतात, ते बाईने एका घोटात पदरात टाकलं होतं. त्यांनी पक्क्या तक्त्यावर लिहिलं, 'सुगंध उत्तम दर्जाचा', आणि आनंदाच्या भरात उत्तममधला त जरा मोठा आला.

तिसरा नमुना. "हा कडक इस्त्रीचा माणूस आहे. आत्ता बोलणार नाही. दोन-तीन वर्षं थांबा, मग बघा कसा खुलतो." काकांनी लिहिलं: 'बांधा कणखर, मुरवण्यास योग्य.'

चौथा. काकू खुदकन हसल्या. "ही तुमची आत्या."

"आत्या कशी असेल?"

"आली की गोड गोड. गेली की तासभर तोंड कोरडं."

'प्रारंभी फळांचा गोडवा, शेवट दीर्घ व तुरट.' काकांना लिहितालिहिता हसू आवरेना. आत्या खरंच तशीच होती.

सहावा त्यांनी दोनदा घेतला. "कमरेत ढगळ आहे. खांद्यावर बसली, पायाला बसली, मध्ये नुसती हवा." आता ह्या दोषाला काकांच्या धंद्यात 'मधला भाग पोकळ' म्हणतात, आणि तो ओळखायला त्यांना स्वतःला सात वर्षं लागली होती. त्यांनी उठून स्वतःसाठीही ग्लास आणला. वास नसला तरी घसा शाबूत होता, आणि आनंद झाल्यावर माणसाने कोरडं बसू नये.

आठव्यापर्यंत काकूंचे गाल तापले होते. खुर्चीला पाय तीनच आहेत अशी त्यांची तक्रार होती. काकांनी वाकून मोजले, तर पाच भरले. दोघांनी चारवर तडजोड केली.

नवव्याला मात्र त्यांनी नाक मुरडलं. ग्लास खाली ठेवला. "आपलं पहिलं घर. माळ्यावरचं खोकं."

लग्नाचे फोटो ठेवलेलं ते पुठ्ठ्याचं खोकं पाणी झिरपून भिजलं होतं, आणि वर्षभर कुणाला कळलं नव्हतं. उघडलं तेव्हाचा तो कुबट वास काकांना आत्ता नाकाने येत नव्हता, पण डोक्यात लख्ख होता. लाकूड किंवा बूच बिघडलं की वाइनला हाच वास लागतो. त्यांची निम्मी झिंग उतरली. एक पिंप म्हणजे तीनशे बाटल्या. चौदा लाख अठ्ठावन्न हजार.

"तुला चढलीय," ते म्हणाले.

"चढलीय. म्हणून खोकं गोड लागणार आहे का?"

"तोंड फिरव. मी ग्लास अदलाबदल करतो. ओळखलंस तर पन्नास देईन."

काकू पाठमोऱ्या झाल्या आणि गाणं गुणगुणायला लागल्या. काकांनी पाच ग्लासांखाली चिठ्ठ्या ठेवून ग्लास फिरवले. काकूंनी वळून एकेकात नाक घातलं आणि तिसऱ्याला टिचकी मारली. नऊ.

"पन्नास."

"पुन्हा."

पुन्हा नऊ. "शंभर. अहो, घर विकायची वेळ येईल तुमच्यावर."

तिसऱ्यांदा त्यांनी ग्लास उचललाही नाही. टेबलावर नुसत्या वाकल्या आणि म्हणाल्या, "कडेचा. दीडशे." चिठ्ठी उलटली. नऊ.

काकांनी कागदावर मोठी फुली मारली. उरलेले तीन नमुने दोघांनी कसे संपवले ते दोघांनाही नीट सांगता येत नाही. दहावा म्हणजे पोस्टमन आणि बारावा म्हणजे रविवारची दुपार, एवढंच कागदावर आहे. मग काकांनी पक्का तक्ता झोकदार अक्षरात पुरा केला आणि दोघं दुपारी दोनला झोपले ते सहाला उठले.

सोमवारी काका साडेनऊला बाहेर पडले. पावणेदहाला काकूंनी कापडांचा ढीग उचलला, तर खाली पक्का तक्ता, सहीसकट.

म्हणजे बॅगेत गेला होता तो कच्चा. आत्या, ढगळ पँट, पोस्टमन, सगळा गोतावळा मालकीणबाईंच्या टेबलावर.

काकू होत्या तशा निघाल्या. गळ्यात मोजपट्टी, दंडाला टाचण्यांची गादी, हातात तक्ता. कंपनीच्या फाटकापर्यंत एरवी पंचवीस मिनिटं लागत. त्या सतरा मिनिटांत पोचल्या, आणि चाखायच्या खोलीच्या दारात धापा टाकत उभ्या राहिल्या.

आत मालकीणबाई चष्मा लावून मोठ्याने वाचत होत्या. "क्रमांक सहा. कमरेत ढगळ." काका भिंतीला टेकून उभे होते. चेहरा चुन्यासारखा. बाईंनी सहावा नमुना तोंडात घोळवला, थुंकला, थोडा विचार केला. "ढगळच आहे. चौथी आत्या पण पटली. आम्हालाही एक होती. पण नाकसाहेब, नऊला हे काय? 'माळ्यावरचं खोकं, थू.' मला तर चांगली लागते."

काकांनी दारात बायको पाहिली. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला. "बाई, मला तीन आठवडे वास येत नाही. हे सगळं हिने चाखलंय. अक्षर तेवढं माझं."

बाईंनी काकूंच्या गळ्यातल्या मोजपट्टीकडे बघितलं. "तुम्ही वाइन चाखता?"

"मी पँटी आखूड करते," काकू म्हणाल्या. "काल पहिल्यांदा घेतली. पण नववं घालू नका हो त्यात."

"कशावरून? तुमच्या एका शब्दावर मी चौदा लाख ओतून देऊ?"

"शब्दावर नको. ग्लास दोन्ही हातांत धरा. घट्ट. वर बशी झाका. ओलसर राहिलेला कोट कपाटात काही बोलत नाही, बाई. इस्त्रीची ऊब लागली की मग सगळं ओकतो."

बाईंनी ग्लास दोन्ही तळव्यांत धरला. काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि काका काकूंकडे बघत राहिले. पाच मिनिटांनी बाईंनी बशी काढली आणि नाक आत घातलं.

त्यांनी ग्लास हाताच्या अंतरावर नेला. "अरे देवा. खोकंच की."

नववं पिंप त्याच दुपारी गटारात गेलं. सहाव्यात चौथी आत्या घातली, तेव्हा पँट कमरेत बसली. अकरा पिंपांच्या तीन हजार तीनशे बाटल्या झाल्या आणि किंमत चार हजार आठशे साठच राहिली. नियम मोडल्याबद्दल काकांना लेखी ताकीद मिळाली, तिचा मसुदा बाईंनी त्यांच्याकडूनच लिहून घेतला. पॅकिंगला मात्र बसवलं नाही. नाक परत येईपर्यंत काकू आठवड्यातून दोनदा कंपनीत जाऊन चाखत आणि काका लिहीत. काकूंनी डबा शेवटपर्यंत वापरला नाही, म्हणून येताना दोघं रिक्षाने येत आणि रिक्षावाल्याला काकू त्याची पँट किती इंच लांब आहे ते सांगत.

दोन जानेवारीला सकाळी काका अंघोळ अर्धी टाकून बाहेर आले. "दूध," ते म्हणाले, "दूध लागतंय." काकूंनी दूध तसंच लागू दिलं. दोघं पातेल्यावर वाकून पोट भरेपर्यंत तो जळका वास घेत उभे राहिले.

पैजेच्या दीडशेपैकी शंभर काकांनी दिले. पन्नास अजून द्यायचे आहेत.